एक लाइन, अनेक संगणक: लिनक्स गटाच्या बैठकीमागची पार्श्वभूमी

बेळगावातल्या लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली वापरणाऱ्यांच्या बैठकीला ‘नेटवर्किंग आणि सुरक्षा’ असा जोडविषय का, दोन वेगळ्या बैठका का नाहीत, असे नवी मुले विचारतात. उत्तर सायबर कॅफेच्या काळात सापडते. आपल्या निमशहरी भागात लिनक्स सर्व्हर म्हणून बसला तो सुरक्षेच्या काळजीपोटी नव्हे, एकच फोनलाइन अनेकांत वाटून घेण्यासाठी. राखणदारी त्याच्या मागोमाग आली, तीही आयती.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने इंटरनेट सर्वांना खुले केले ते महानगरांत. विद्यार्थ्यांना परवडणारे खाते म्हणजे शेल अकाउंट. त्यात चित्रे नाहीत, नुसती अक्षरे, आणि पलीकडे युनिक्स, म्हणजे लिनक्स जिच्या धर्तीवर बनली ती जुनी प्रणाली. पुढच्या वर्षापासून ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली. डायल-अपवरून अख्खी लिनक्स उतरवणे हा वेडेपणा होता, त्यामुळे सीडी हातोहात फिरायची. बेळगाव पुणे-बंगळूर रस्त्यावर असल्याचा इथे फायदा झाला. दोन्हीकडे नोकरीला गेलेली पोरे शनिवारी रात्रीच्या बसने घरी यायची, ती सीडी घेऊनच.

१९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवा द्यायची मुभा मिळाली आणि टिळकवाडीपासून निपाणी-खानापूरपर्यंत कॅफे उघडू लागले. मोडेम एक, पीसी पाच-सात. त्यावरचा बिनपैशाचा तोडगा म्हणजे कोपऱ्यात जुना पेंटियम ठेवून त्यावर लिनक्स चढवणे आणि आयपी मास्करेडिंग चालू करणे.

हे मास्करेडिंग काय करते ते नीट बघण्यासारखे आहे. समजा सात नंबरच्या पीसीचा पत्ता १९२.१६८.१.७. बाहेरच्या जगात हा पत्ता चालत नाही. फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमपत्राने अशा पत्त्यांचे गट खासगी वापरासाठी राखून ठेवले आहेत. लिनक्सची पेटी बाहेर जाणाऱ्या पॅकेटवरचा (माहितीच्या तुकड्यावरचा) हा पत्ता खोडून स्वतःचा घालते, पोर्ट क्रमांक (संभाषण कुठल्या प्रोग्रामचे ते ओळखायचा आकडा) बदलते आणि तक्त्यात नोंद करते. उत्तर आले की तक्ता बघून ते सात नंबरला पोचवते. तक्त्यात नोंद नसलेले पॅकेट बाहेरून आले, तर आतल्या कुणाला द्यायचे हेच पेटीला ठाऊक नसते. आतले पीसी आपोआप झाकले जातात. कॅफेवाल्याने सुरक्षा मागितली नव्हती, तरी ती मिळाली. म्हणून इथल्या लोकांच्या डोक्यात नेटवर्क वाटणे आणि फायरवॉल (नको ती पॅकेट अडवणारी भिंत) लावणे हे एकच काम होऊन बसले.

हे नियम लावायचे अवजार मात्र दर काही वर्षांनी बदलत गेले. कर्नल (लिनक्सचा गाभा) २.० मध्ये आयपीएफडब्ल्यूएडीएम, १९९९ च्या २.२ मध्ये आयपीचेन्स, २००१ च्या २.४ मध्ये आयपीटेबल्स. शेवटच्या दोन्हींमागे ऑस्ट्रेलियाचा रस्टी रसेल. प्रत्येक वेळी नियम नव्याने लिहा. आयपीटेबल्सबरोबर आलेले कनेक्शन ट्रॅकिंग हा खरा बदल होता: ‘आतून सुरू झालेल्या संभाषणाचेच उत्तर आत घे’ असे एका ओळीत सांगता येऊ लागले.

आतल्या आतला धोका मात्र तसाच राहिला. तेव्हा पीसी एकमेकांना जोडायला स्वस्त हब असायचे आणि हबवर एकाचे पॅकेट सगळ्यांना दिसते. टीसीपीडंप हे पॅकेट दाखवणारे अवजार चालवून शेजारच्या पीसीवरून टेलनेटने (दूरच्या संगणकात उघड्या मजकुरात शिरायच्या जुन्या पद्धतीने) लॉगिन केले की पासवर्ड अक्षर-अक्षर करून समोर. हे एकदा पाहिलेला माणूस पुन्हा टेलनेट वापरत नाही. माझ्या मते तासभराच्या व्याख्यानापेक्षा हे प्रात्यक्षिक भारी. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात असाच पासवर्ड चोरण्याचा प्रकार घडल्यावर १९९५ मध्ये टाटू युलोनेन यांनी टेलनेटचेच काम मजकूर गुपित ठेवून करणारे एसएसएच लिहिले. फुकट आणि मुक्त ओपनएसएसएच १९९९ मध्ये आले, मग टेलनेटला सबब उरली नाही. प्रात्यक्षिक अर्थात स्वतःच्याच नेटवर्कवर करायचे. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरणे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ खाली येते.

१९९८ मध्ये विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ बेळगावात आले. पुढे त्याच्या अभ्यासक्रमातल्या युनिक्सच्या आणि नेटवर्कच्या प्रयोगशाळांमुळे इंजिनिअरिंगच्या पोरांना लिनक्सशी गाठ टाळता येईना. तैवानचे एनसीटीयूएनएस हे नेटवर्कची नक्कल करणारे सिम्युलेटर तर ठरावीक आवृत्तीच्या फेडोरा या लिनक्सवरच धड चालायचे. ते बसवताना पोरे जेवढे शिकली तेवढे जर्नल उतरवताना नक्कीच नाही.

२०११ च्या केंद्रीय नियमांनी कॅफेवाल्यांना ग्राहकाची ओळख आणि प्रॉक्सीच्या (ग्राहकांच्या वतीने नेटवरून पाने आणणाऱ्या मध्यस्थाच्या) नोंदी किमान वर्षभर ठेवायला सांगितले. रजिस्टर कुणी मराठीत भरायचे, कुणी कन्नडमध्ये. प्रॉक्सीच्या नोंदींचे काम लिनक्सवरचे स्क्विड करू शकत होते. पण तोवर मोबाइलवर नेट आले होते आणि कॅफेंची झेरॉक्सची दुकाने होऊ लागली होती.

आता आजच्या विषयाकडे. आयपीव्ही४ चे, म्हणजे वर पाहिलेल्या जुन्या पद्धतीचे, पत्ते संपत आल्याने अनेक इंटरनेट कंपन्या आपल्या बाजूलाच मास्करेडिंग करतात. त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ ने सुरू होणारा पत्त्यांचा गट राखून ठेवला गेला. आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीत मात्र घरातल्या प्रत्येक यंत्राला जगभर चालणारा पत्ता मिळतो. पत्ता बदलायची गरज नाही, म्हणजे तो तक्ता नाही, म्हणजे ती आयती आडही नाही. राउटरवर फायरवॉल मुद्दाम लावलेली नसेल तर घरचा कॅमेरा थेट रस्त्यावर. जुन्या आयपीटेबल्सच्या स्क्रिप्ट फक्त आयपीव्ही४ चे नियम लावतात. आयपीव्ही६ साठी आयपी६टेबल्स वेगळे चालवावे लागते आणि नेमके तेच राहून जाते. जानेवारी २०१४ च्या कर्नल ३.१३ पासून आलेल्या, आयपीटेबल्सची जागा घेणाऱ्या एनएफटेबल्समध्ये ‘इनेट’ प्रकारचे टेबल केले की दोन्हींना एकच नियम लागू होतो. बैठकीत जुनी स्क्रिप्ट एनएफटेबल्समध्ये उतरवून दाखवायची आहे, आणि मग मोबाइलच्या नेटवरून आपल्याच यंत्रावर एनमॅप हे उघडे पोर्ट शोधणारे अवजार चालवून कोणती दारे उघडी राहिली ते बघायचे आहे.