‘ते तर सगळ्यांनाच बोलतात’
डोनाल्ड ट्रम्प बायकांना वाटेल ते बोलले की एक बचाव २०१५ पासून ठरलेला आहे: ते पुरुषांनाही सोडत नाहीत, मग यात स्त्रीद्वेष कुठून आला?

पहिला भाग खराच आहे. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीच्या शर्यतीतले प्रतिस्पर्धी जेब बुश यांना त्यांनी मरगळलेले ठरवलं, टेड क्रूझ यांना खोटारडे. पण डोकी मोजून हा हिशेब लागत नाही, घाव कशावर घातला ते बघावं लागतं. बुश यांच्या जोमावर, क्रूझ यांच्या शब्दावर. एचपी या संगणक कंपनीच्या माजी प्रमुख कार्ली फिओरिना त्याच उमेदवारीच्या शर्यतीत होत्या. त्यांच्याबद्दल काय? ‘तो चेहरा बघा! त्याला कोणी मत देईल का?’

ऑगस्ट २०१५ मध्ये या उमेदवारांच्या वादफेरीत सूत्रसंचालक, फॉक्स न्यूजच्या पत्रकार मेगन केली यांनी बायकांबद्दलच्या या भाषेवरच प्रश्न विचारला. दुसऱ्या दिवशी ट्रम्प म्हणाले, तिच्या डोळ्यांतून रक्त येत होतं, ‘कुठूनही’ येत होतं. (मला नाक म्हणायचं होतं, ही सारवासारव नंतरची.)

त्याच शर्यतीतल्या मार्को रुबिओंना ‘छोटू’ म्हटलंच की, असं कोणी म्हणेल. कबूल. पण तो टोमणाही ‘पुरुष म्हणून कमी’ असाच होता.