बरं-वाईट मुलांना कळतं कसं? गोट्यांपासून सुतकापर्यंत

नीतिपाठ ऐकवले की मुलं नीतीने वागतात, हा समज जगभरचा. त्याला मोठा धक्का दिला तो अमेरिकेत हार्टशॉर्न आणि मे या संशोधकांनी, १९२०च्या दशकाच्या अखेरीस. हजारो शाळकरी मुलांना त्यांनी लबाडी करता येईल अशा चाचण्या दिल्या. वर्गात कॉपी करणारा पोरगा खेळात सचोटीने वागे, तर कधी याच्या अगदी उलट. नीतिपाठ मिळालेल्यांच्या वागण्यात फार फरक नव्हता. (आपल्याकडे फळ्यावर सुविचार मात्र अजून रोज लिहिला जातो.)

स्वित्झर्लंडमध्ये मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजेने वेगळी वाट धरली. तो मुलांबरोबर गोट्या खेळायला बसला आणि ‘नियम विसरलोय, शिकवा’ म्हणाला. नियम आले कुठून, बदलता येतील का, हे विचारत राहिला. लहानांच्या मते नियम वडिलांनी, नाहीतर थेट देवाने केलेले. बदलणं म्हणजे रडीचा डाव. दहा-अकराची मुलं म्हणत, सगळे कबूल असतील तर बदलू की! मग कपांची गोष्ट. एकाने दार ढकललं, मागे ठेवलेले पंधरा कप नकळत फुटले; दुसऱ्याने चोरून मुरंबा काढताना एकच कप फोडला. जास्त वाईट कोण? लहानगी पंधरा कप मोजत, मोठी मुलं हेतू पाहत. १९३२च्या पुस्तकात त्याने म्हटलं की ही समज मोठ्यांच्या धाकाने नव्हे, बरोबरीच्या सवंगड्यांशी तंटे-तडजोडी करत येते. मला या साऱ्या इतिहासातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्गने १९५८च्या प्रबंधात शिकागोतल्या ७२ मुलांना पेच घातला: बायको मरणपंथाला लागली आहे, औषध परवडत नाही, नवऱ्याने चोरी करावी का? उत्तर हो की नाही याला महत्त्व नव्हतं, कारणाला होतं. शिक्षेच्या भीतीपासून तत्त्वापर्यंत त्याने सहा पायऱ्या मांडल्या. ते ७२ जण सगळे मुलगेच होते, यावर त्याच्यासोबत काम केलेल्या कॅरल गिलिगनने १९८२मध्ये बोट ठेवलं. न्यायाइतकाच नात्यांच्या जबाबदारीचा विचारही नैतिकच, हा तिचा मुद्दा. पुढच्या पडताळण्यांत या पायऱ्यांवर मिळणाऱ्या गुणांमध्ये स्त्री-पुरुष फरक फारसा दिसला नाही, पण तिचा आक्षेप टिकला.

भारत या चर्चेत ठळकपणे आला तो भुवनेश्वरमुळे. मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड श्वेडर आणि सहकाऱ्यांनी १९८७मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिथल्या ब्राह्मण मुलांनी अत्यंत गंभीर ठरवलेला अपराध कोणता? वडील वारल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली! अमेरिकी मुलांना यात वावगं काही दिसेना. श्वेडरचं म्हणणं, नीती आणि रूढी यांतली रेघ सगळीकडे एकाच जागी नसते. मानसशास्त्रज्ञ एलियट ट्युरिएल आणि सहकाऱ्यांनी ते मानलं नाही. वडिलांच्या आत्म्याला गती मिळणार नाही असं या मुलांना खरंच वाटतं, म्हणजे त्यांच्या लेखी इथेही कुणाचं तरी नुकसान होतंच, असा त्यांचा प्रतिवाद.