पार्श्वभूमी : मशीनला घातलेलं गोडंतेल

सोलापुरात घरातलं जुनं काळं शिलाई मशीन जड चालायला लागलं की पहिला वाद तेलाचाच होतो. वाद जुना आहे आणि निम्मा शब्दांचा आहे.

1850च्या दशकात अमेरिकेत शिलाई मशीनं विकली जाऊ लागली, तेव्हा खनिज तेल बाजारात नव्हतंच. पेनसिल्व्हेनियातली तेलाची विहीर 1859ची. तोवर बारीक यंत्रांना देवमाशाचं तेल घालत. पुढे त्याची जागा पातळ, रंगहीन खनिज तेलानं घेतली. 1930च्या दशकात कलकत्त्यात देशी मशीनं बनू लागली.

घोळ शब्दात आहे. आमच्या गल्लीत येणारा कारागीर मशीन रॉकेलनं धुवायचा आणि जाताना सांगायचा, "आता गोडं तेल घाला." त्याच्या लेखी गोडं म्हणजे रॉकेल नव्हे ते, वंगणाचं. घरात मात्र गोडंतेल म्हणजे खायचं तेल, आणि इथं ते बहुतेकदा करडईचं. करडईचं तेल हवेत वाळतं. रंगात, व्हार्निशात ते वापरतात ते याच गुणामुळं. भाजीला उत्तम, पण मशीनच्या भोकात चार-सहा महिने राहिलं की पिवळा चिकट पापुद्रा धरतं आणि दांडा जागच्या जागी बसतो. दोष तेल घालणाऱ्या बाईचा नव्हता, शब्दाचा होता. तरी दुरुस्तीला मशीन गेलं की ऐकून घ्यायचं तिनंच.

खोबरेलवाल्यांची बाजू थोडी बरी. ते तितकं पटकन वाळत नाही. पण 24 अंशांच्या खाली थिजतं, आणि डिसेंबरच्या पहाटे सोलापुरात पारा त्याहून बराच खाली असतो. आजी सकाळी मशीन अंगणात उन्हाला सरकवायची, अकराच्या सुमाराला चाक आपोआप मोकळं व्हायचं. तिला ते मशीनचं दुखणं वाटायचं. दुखणं तेलाचं होतं.

तिसरं, मागाचं तेल. ज्या घरातलं कुणी यंत्रमागाच्या कारखान्यात, तिथं बाटली यायचीच. ते जाड आणि काळपट. चाक फिरतं, पण पांढऱ्या शर्टावर ठिपका पडला की धुऊनही जात नाही. शाळेच्या गणवेशांचं काम घराघरात आल्यावर हा ठिपका महागात पडू लागला. त्यातच पायडलच्या जागी छोटी मोटर आली. पायानं ओढून नेता येणारं जडपण मोटरला झेपेना, ती तापून वास मारू लागली. टॉवेलच्या कडा शिवणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी: सुटलेली लव कापड पुढं सरकवणाऱ्या दात्यांखाली साचते, तेल पिते आणि नमद्यासारखी घट्ट होते. तिथं तेल वाढवणं म्हणजे दुखणं वाढवणं.

रेशनचं निळं रॉकेल दुर्मीळ झाल्यापासून धुण्याचाही प्रश्न आहे. काहीजण स्पिरिट वापरतात. त्यानं मशीनच्या अंगावरची सोनेरी नक्षी जाते, कारण तिच्यावर बहुधा लाखेचा थर असतो.

मला विचाराल तर शिलाई मशीनचंच पांढरं तेल, प्रत्येक भोकात एकच थेंब. त्याआधी दात्यांवरची पट्टी काढून जुन्या टूथब्रशनं लव झाडायची. चामडी पट्ट्याला तेलाचा हात लावायचा नाही, तो घसरतो. मग धागा न ओवता दोन मिनिटं चालवायचं आणि पहिली शिवण चिंधीवर.