किल्केनीतले मठ आणि बिअरची फॅक्टरी

आयर्लंडचं किल्केनी शहर नीट समजून घ्यायचं तर कॅसलच्या आधी मठ बघावेत असं मला मनापासून वाटतं. नॉर या नदीच्या काठचं हे गाव इंग्लंडहून नॉर्मन लोक यायच्या आधीपासूनचं, सेंट कॅनिसच्या नावाने वसलेलं, आणि त्या काळातला साधारण ३० मीटर उंच गोल मनोरा आजही कॅथेड्रलला खेटून उभा आहे, वरपर्यंत चढताही येतं. मग नॉर्मन सरदार विल्यम मार्शलने शेजारी आपलं नवं गाव वसवलं आणि एकाची दोन गावं झाली, बिशपचं आयरिशटाऊन आणि इंग्रजांचं हायटाऊन, मध्ये फक्त एक छोटा ओढा! ती कायमची एकत्र आली थेट १८४३ मध्ये.

मार्शलच्याच मुलांनी इथे मठ आणले, १२२५ मध्ये डॉमिनिकन साधूंचा ब्लॅक अ‍ॅबी, तो तटाच्या बाहेर, आणि नंतर फ्रान्सिस्कनांचा सेंट फ्रान्सिस मठ, तो आत, अगदी नदीलगत. याच दुसऱ्या मठात जॉन क्लिन नावाचा साधू वर्षावर्षाच्या नोंदी लिहायचा. १३४८-४९ ला प्लेग आला, त्या हिवाळ्यात शहरातले ८ डॉमिनिकन साधू गेले, आणि आजूबाजूला सगळे मरत असताना क्लिनने लिहून ठेवलं की पुढे कोणी माणूस जिवंत राहिलाच तर त्याने हे काम चालू ठेवावं म्हणून मी कोरं चर्मपत्र ठेवून जातोय. त्याच्या मजकुरानंतर दुसऱ्या कोणीतरी लिहिलंय, लेखक इथे वारला असं दिसतं. मला तरी किल्केनीच्या अख्ख्या इतिहासात याच्याइतकं आतपर्यंत जाणारं काही सापडलेलं नाही.

१३६६ चे किल्केनीचे कायदे पण इथलेच, इंग्रजांनी आयरिश बोलायचं नाही, आयरिश लोकांशी लग्न करायचं नाही, इंग्रजांच्या मठांत आयरिश माणसाला घ्यायचं नाही, हर्लिंग हा काठी-चेंडूचा आयरिश खेळसुद्धा खेळायचा नाही (आणि आज हर्लिंगची सगळ्यात जास्त ऑल-आयर्लंड विजेतेपदं याच किल्केनीकडे आहेत).

मग इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीने मठ बंद केले, किल्केनीत १५४० च्या सुमारास. पण इमारती कोणी टाकून दिल्या नाहीत. ब्लॅक अ‍ॅबीचं कोर्ट झालं, एकोणिसाव्या शतकात तिथे पुन्हा प्रार्थना सुरू झाली आणि आज ते चालतं चर्च आहे. सेंट फ्रान्सिसच्या आवारात १७१० पासून स्मिथविक्सची बिअर बनत होती असं सांगतात, म्हणजे क्लिनच्या मठाचा बुरूज आणि सात उभ्या झरोक्यांची पूर्वेकडची खिडकी फॅक्टरीच्या शेड्समध्ये अडकून पडली होती, बाहेरच्या माणसाला सहज बघायलाही मिळायची नाही. २०१३ च्या शेवटी बिअर बनवणं डब्लिनला हलवलं, जागा कौन्सिलने घेतली, आणि तिथून नवा रस्ता-पूल काढायचं ठरलं तेव्हा गावातल्या लोकांनी जोरदार विरोध केला, पण २०१७ मध्ये पूल झालाच. मठाचे अवशेष मात्र जागेवर आहेत आणि आजूबाजूला आता ऑफिसं नि मोकळी जागा होतेय. लोक भांडले ते बरोबरच केलं असं माझं मत, कारण एवढी शतकं फॅक्टरीच्या भिंतीआड काढलेल्या मठाला आता तरी चहूबाजूंनी बघता यायला हवं.