होमस्टे की कृषी पर्यटन केंद्र? खान्देशात दोन दिवस काढायचे असतील तर

दिवाळीनंतर जळगाव-धुळ्याकडे दोन दिवस जाऊन यायचं म्हणून मोबाईलवर जागा शोधायला बसलं, की होमस्टे, फार्मस्टे, ॲग्रो टुरिझम सगळं एकाच यादीत येतं. फोटोही तेच ते: बाज, बैलगाडी, केळीची बाग. मुक्काम मात्र दोन तऱ्हेचा असतो, आणि आपल्याला नक्की कुठला हवा होता हे बहुतेकांना पैसे भरल्यावरच कळतं.

होमस्टे म्हणजे कुणाच्या तरी राहत्या घरातली खोली. केंद्र सरकारच्या 'अतुल्य भारत' न्याहरी-निवास योजनेत तशी अटच आहे: मालक कुटुंबासह तिथेच राहिला पाहिजे, आणि पाहुण्यांसाठी खोल्या एक ते सहा, म्हणजे फार तर १२ खाटा. भाड्यात खोली आणि सकाळची न्याहरी येते. बाकीचं जेवण आधी सांगायचं, पैसे वेगळे. तुम्ही आलात म्हणून घराचा दिनक्रम बदलत नाही. भाऊ सकाळी ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवायला बागेत जाणार, रात्रीची वीज असेल तर मोटार चालू करायलाही उठणार. सोबत या म्हणाले तर जावं, नाही तर ओट्यावर चहा घेत बसावं. 'बठ ना भाऊ' म्हणून जवळ बसवून घेणारं घर मिळालं, तर तीच सहल.

कृषी पर्यटन केंद्रात विकायची गोष्ट शेत असते, खोली नंतर. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं. एकटा शेतकरी जसं असं केंद्र काढू शकतो, तसंच सहकारी संस्था किंवा कृषी विज्ञान केंद्रही. मालक रात्री तिथे राहतोच असं नाही, आणि पाहुण्यांनीही राहायलाच हवं असं नाही. अनेक केंद्रांवर दिवसभराचाच बेत असतो: नाश्ता, शिवारफेरी, बैलगाडी, जेवण, चारचा चहा, सगळं माणशी एका दरात. शाळेच्या सहली, भिशी मंडळ, वीसजणांचं गोतावळ्याचं संमेलन यांना हेच बरं. दोघांनाच शांत बसायचं असेल आणि शेजारच्या झाडाखाली पन्नास पोरं रस्सीखेच खेळत असतील, तर तक्रार करू नये. ती जागा त्यांचीच आहे.

शेतातच घर बांधून राहणारे, दोन खोल्या देणारे आणि शिवारही दाखवणारे शेतकरी असतात, तिथे दोन्ही मिळतं. हिरवळ, पोहण्याचा हौद आणि डीजे असलेल्या 'फार्मस्टे'त मात्र यातलं काहीच नसतं.

जेवणाच्या बाबतीत माझं मत जरा एकांगी आहे. भरीत केंद्रावर खावं. जळगावची ती मोठी हिरवी वांगी, कपाशी-तुरीच्या काड्यांच्या जाळावर साल काळी पडेपर्यंत भाजायची, सोलायची, लाकडी भांड्यात मुसळीने ठेचायची; मग तेलात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. हा चार माणसांचा स्वयंपाकच नव्हे, मोठ्या घाण्याचंच चांगलं होतं. कळण्याची भाकरी मात्र घरातच. ज्वारी-उडदाच्या पिठाची ती भाकरी तव्यावरून ताटात आली पाहिजे, सोबत ठेचा आणि कच्चं तेल. शंभर पानांच्या पंगतीत ती गार आणि चिवट होते. होमस्टेत न्याहरीला 'ब्रेड-बटर चालेल का' असं विचारलं, तर नको म्हणा आणि घरात जे शिजतंय तेच मागा. पुष्कळदा शहरी पाहुण्याला भाकरी द्यायला त्यांनाच संकोच वाटतो.

आता हंगाम. हुरडा आणि भरीत थंडीतलं, कपाशीची वेचणी दिवाळीच्या आसपास. रावेर, यावल, चोपड्याकडे केळी बाराही महिने उभी असते, पण कापणी रोज एकाच बागेत नसते, म्हणून ती बघायची असेल तर आधी विचारावं. घड उतरवताना देठातून चीक गळतो. कपड्यावर पडला की डाग धुऊन जात नाही, तेव्हा पांढरा कुर्ता घरीच ठेवा. एप्रिल-मेमध्ये भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. केंद्राचा कार्यक्रम सकाळी दहाच्या आत आटोपतो आणि पुढचा दिवस पत्र्याच्या शेडमध्ये काढावा लागतो. तेव्हा जाड मातीच्या भिंतींचं धाब्याचं घर मिळालं तर होमस्टे घ्यावा, नाही तर सरळ तोरणमाळ गाठावं; सातपुड्यात सुमारे ११५० मीटरवर आहे, शेतापेक्षा हवेसाठी.

फोनवर 'सुविधा काय आहेत' विचारण्यात अर्थ नाही, यादी सगळ्यांकडे पाठ असते. 'सध्या शेतात काय उभं आहे?' हे विचारा. शेतकरी असेल तर लगेच पीक, वाण, कितवं पाणी सुरू आहे ते सांगेल. फक्त बुकिंग घेणारा असेल तर 'सगळं आहे सर' म्हणेल. दुसरं, पर्यटन संचालनालयाची नोंदणी आहे का. आणि केंद्र गावाबाहेर असेल तर रात्री तिथे घरचं कोणी थांबतं की फक्त राखणदार, हे मुलाबाळांसोबत जाणाऱ्यांनी आगाऊ रक्कम पाठवण्याआधी विचारून घ्यावं.