मेनसेलची निवड: कापूस गेला, पण त्याच्या काळातलं लोखंड राहिलं

मोर्शीजवळ अप्पर वर्धा धरणाचं पाणी एवढं पसरलेलं आहे की त्यावर शिडाची होडी फिरवावी असं कुणालाही वाटेल. पण होडी आणायची ती किनाऱ्याकडूनच, आणि खिशाचा विचार केला तर ती जुनीच असणार. आपल्या ढिवरांचे डोंगे बांबूवर आणि वल्ह्यावर चालतात, त्यामुळे शीड शिवणारा हात आसपास सापडत नाही. वीस-बावीस फुटी जुन्या होडीचं मेनसेल, म्हणजे डोलकाठीवर चढवायचं मुख्य शीड, बदलायची वेळ आली की पहिली चर्चा कापडाची होते. खरं म्हणजे कापडाचा निकाल सत्तर वर्षांपूर्वीच लागला. घोडं अडतं ते बूमवरच्या, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या दांड्यावरच्या, सामानापाशी, कारण ते सामान वेगवेगळ्या काळांतलं असतं.

सुती शिडांचा इतिहास वऱ्हाडात लांबवायचं कारण नाही. 1851 मध्ये एक अमेरिकी बोट इंग्लंडात जाऊन तिथल्या बोटींना हरवून आली. तिची शिडं यंत्रावर विणलेल्या घट्ट सुती कापडाची होती आणि त्यांची खालची कड बूमला दोरीने आवळलेली होती. इंग्रजांची शिडं लिननची, म्हणजे आपण ज्याची चटणी खातो त्याच जवसाच्या धाग्याची. ती वाऱ्यात पोट काढत आणि त्यांची खालची कडही मोकळी असे. त्यानंतर जवळपास शंभर वर्षं कापसाचंच राज्य होतं. त्यात आपल्या कापसाचा वाटा मात्र नव्हता. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1861 ते 65 या काळात, वऱ्हाडच्या रुईला सोन्याचा भाव आला आणि 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. अमरावतीकडच्या गाठी ‘उमरा’ नावाने परदेशी बाजारात ओळखल्या जात, पण धागा आखूड. शिडाच्या कापडाला लांब धागा लागतो. तो आधी अमेरिकेचा असे, पुढे इजिप्तचा.

सुती शिडाचे नखरे फार. नवं शीड थेट जोराच्या वाऱ्यात उभं करायची सोय नव्हती. हलक्या वाऱ्यात हळूहळू ताणून ते ‘बसवावं’ लागे, नाहीतर कायमचं वेडंवाकडं होई. ओलं झालं की आकसे, ओलंच गुंडाळलं की बुरशी धरे. कोपऱ्यातल्या एकाच डोळ्यावर, म्हणजे दोर ओवायच्या भोकावर, सगळा ताण आला तर कापड तिथे ओढलं जाई. ही शेवटची खोड लक्षात ठेवावी, पुढचा सगळा घोळ तिच्यातूनच झाला आहे.

पॉलिस्टरचा शोध 1941 मध्ये इंग्लंडात लागला. ब्रिटनमध्ये ते टेरिलिन झालं आणि अमेरिकेत डॅक्रॉन. आपल्याकडे हाच धागा टेरिकॉटच्या शर्टातून लग्नाच्या वरातीत मिरवला. शिडांसाठी त्याआधी नायलॉन वापरून पाहिलं होतं, पण ते फार ताणतं. म्हणून ते वाऱ्याच्या दिशेने जाताना लावायच्या फुगीर शिडापुरतं उरलं. पॉलिस्टर ताणत नाही आणि कुजतही नाही. 1950 च्या दशकात त्याने कापसाला बाहेर काढलं ते कायमचं.

आज छोट्या होडीला साधं विणलेलं डॅक्रॉन पुरतं. कापडाच्या पट्ट्या मागच्या कडेशी काटकोनात लावून ते शिवतात, म्हणजे आडवा धागा त्या कडेला समांतर येतो आणि सगळ्यात जास्त ओढ त्याच्यावर पडते. बावीस ते पंचवीस फुटांच्या होडीला दर चौरस मीटरला साधारण 220 ते 280 ग्रॅम वजनाचं कापड चालतं. कोटेशन औंसात आलं तर सावध राहावं. अमेरिकी शिडवाल्यांचा औंस चौरस यार्डावर मोजत नाहीत, 28.5 इंच गुणिले 36 इंच एवढ्या तुकड्यावर मोजतात. त्यांचा एक औंस म्हणजे चौरस मीटरला सुमारे 43 ग्रॅम, तर साध्या चौरस यार्डाचा औंस 34 ग्रॅमच्या आसपास. दोन कोटेशनांत ‘सहा औंस’ लिहिलेलं असलं तरी कापड एकच असेल असं नाही. नमुना हातात आला तर तो तिरका, कोपऱ्यातून कोपऱ्याकडे ओढून पाहावा. उभ्या-आडव्या धाग्याला कुठलंही कापड तग धरतं, तिरक्या ओढीत मात्र विणीचा घट्टपणा उघडा पडतो. राळ चढवून कडक केलेलं सैल विणीचं कापड नवेपणी कागदासारखं वाजतं, आणि राळ झडली की लुळं पडतं.

आता मुख्य वाद. वारा वाढला की मेनसेल आखूड करायचं, पण कसं?

सर्वांत जुनी पद्धत म्हणजे शिडाचा खालचा भाग बूमशी गोळा करून बारक्या दोऱ्यांच्या रांगेने बांधणं. मग बूमच गोल फिरवून त्याच्याभोवती शीड गुंडाळायची युक्ती आली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती छोट्या होड्यांवर रुळली. डोलकाठीजवळ दातेरी चाक असतं, हँडल फिरवलं की बूम फिरतो. सुती शिडाला हे मानवत असे, कारण ओढ एका डोळ्यावर न येता पूर्ण गुंडाळीवर वाटली जाई. जुन्या होडीवर हे हँडल अजून सापडतं आणि पाहणाऱ्याला ते मोठं सोयीचं वाटतं.

सोय वरवरची आहे. डोलकाठीकडच्या कडेत दोर शिवलेला असतो, त्यामुळे गुंडाळी त्या टोकाला जाड होते आणि मागच्या टोकाला बारीक राहते. एका बाजूला जाड कड असलेली चटई गुंडाळावी तसं. परिणामी बूमचं मागचं टोक खाली लोंबतं आणि नेमकं जोराच्या वाऱ्यात शीड पोट काढतं. त्यावर मागच्या टोकाला लाकडी पाचरी ठोकायचे उपायही झाले. बूम खाली ओढून धरणारी कप्पी त्याच्या मध्यावर कायमची अडकवता येत नाही, कारण शीड तिच्यावरून गुंडाळलं जाणार. मग नखासारखं कडं लावायचं आणि ते कापड घासत बसणार.

पॉलिस्टर आल्यावर या सगळ्याची गरजच संपली होती, पण होडीवाल्यांना ते कळायला वीस वर्षं लागली. न ताणणाऱ्या कापडाचे चार-पाच थर शिवून पक्के केलेले दोन डोळे सगळी ओढ पेलतात. शीड थोडं खाली सोडायचं, पुढचा डोळा बूमच्या आकड्यात अडकवायचा, चढवायचा दोर पुन्हा ताणायचा आणि मागच्या डोळ्यातून आलेला दोर खेचायचा. 1970 च्या दशकात सागरी शर्यतींतून ही पद्धत परत आली आणि टिकली. उन्हाळ्याच्या अखेरीस आपल्याकडे वादळ सांगून येत नाही. उत्तरेचं आभाळ काळं पडलं की हाताशी वेळ थोडा असतो. तेव्हा फिरत्या बूमची जुनी यंत्रणा दुरुस्त करण्यात पैसा घालू नये. ती जाम करून बूम पक्का करावा आणि शिडात आखूड करायच्या डोळ्यांच्या दोन ओळी शिवून घ्याव्यात. डोलकाठीच्या पोटात शीड गुंडाळणारी यंत्रणाही त्याच दशकातली. मोठ्या होडीवर, वय झालेल्या माणसासाठी तिचं कौतुक होतं ते होऊ द्यावं. बावीस फुटांवर मात्र ती नुसतं ओझं आहे. तिच्यासाठी मागची कड आत कोरावी लागते, शीड लहान होतं आणि अडकलं तर अर्धवट उघडं राहतं.

खालच्या कडेचं गाडं फिरून जुन्या जागी आलं आहे. 1851 नंतर सगळ्यांनी ती बूमला आवळली. आता कापड स्वतःच आकार धरतं म्हणून नवी मेनसेल्स पुन्हा मोकळ्या कडेची शिवतात, फक्त दोन कोपरे बूमला जोडलेले. शिवायला सोपं, आकार बदलायलाही सोपं.

शीड ताठ ठेवायला त्यात आडव्या घालायच्या बॅटन पट्ट्या पूर्ण रुंदीच्या असाव्यात हा आग्रह किनाऱ्यावरच्या दुहेरी (शेजारी दोन सांगाडे जोडलेल्या) होड्यांनी 1970 च्या सुमारास लोकप्रिय केला. फडफड कमी होते, कापड टिकतं. पण प्रत्येक लांब पट्टी डोलकाठीच्या खाचेकडे रेटा देते आणि शीड उतरवताना सरकपट्ट्या, म्हणजे शिडाची कड त्या खाचेत धरणारे सरकते तुकडे, अडतात. त्यावर महागड्या चाकाच्या गाड्या बसवणं हा एक उपाय आहे. दुसरा स्वस्तातला: वरच्या दोन पट्ट्या पूर्ण रुंदीच्या आणि खालच्या दोन आखूड. इथे मीठ नाही, पण मे महिन्यातली धूळ आहे, आणि खाचेत ती तेलाला चिकटून बसते. म्हणून तेल-ग्रीस नको, खाच पाण्याने धुवून कोरडी ठेवावी आणि सरकपट्ट्या प्लास्टिकच्या घ्याव्यात. होडी उभी असताना शिडावर ॲक्रिलिक कापडाची खोळ हवीच. पॉलिस्टर कुजत नसलं तरी उन्हाने मरतं, आणि आधी जातो तो शिवणीचा दोरा.