खिशातल्या पिस्तुलाचे निकष आले कुठून?

गेल्या वर्षी टेक्सासला मामेभावाकडे गेले, तेव्हा रोज कमरेला लावता येईल असं छोटं पिस्तूल घ्यावं का, याचा त्याचा विचार चालला होता. बजेट 300 डॉलरचं. विकत घेण्याआधी त्याने रेंजवर तेच मॉडेल भाड्याने घेतलं आणि 200 गोळ्या झाडल्या. मी मागच्या बाकावर बसून वहीत नोंदी केल्या. मी इतकी वर्षं बालेवाडीला एअर पिस्तूल मारते, पण तिथे कशालाही हात लावला नाही. पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक हाताळणं अमेरिकेच्या संघीय कायद्याला मान्य नाही. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, तेवढेच. एच-1बी व्हिसावर नोकरी करणाऱ्यांनाही हाच नियम लागू होतो. मित्रांसोबत हौसेने रेंजवर जाणाऱ्या आपल्या मुलांना हे सहसा ठाऊक नसतं, म्हणून मुद्दाम सांगते.

वहीत पाच रकाने होते: अडकणं, चापाचं वजन (म्हणजे तो ओढायला लागणारा जोर), मूठ, मॅगझिन (गोळ्यांची पेटी) आणि खाली पडल्यावर काय होतं. 73व्या आणि 118व्या गोळीला रिकामं कवच स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागाच्या, तोंडाशी उभं अडकलं. चाप काट्याने मोजला, तो 2.7 किलो भरला. आमच्या एअर पिस्तुलाच्या चापाला नियमाने किमान 500 ग्रॅम लागतात. त्या सवयीच्या बोटाला हा चाप म्हणजे दगड वाटला असता. मूठ इतकी आखूड, की भावाची करंगळी हवेतच राहत होती आणि प्रत्येक गोळीनंतर पकड पुन्हा बसवावी लागत होती.

घरी आल्यावर या रकान्यांचा माग काढत गेले. एकही रकाना कुणी सहज सुचलं म्हणून आखलेला नाही. कुठे खटला आहे, कुठे कायदा आहे, कुठे कुणाचा जीव गेला आहे.

खिशातलं पिस्तूल जुनंच. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरची एकबारी पिस्तुलं एकोणिसाव्या शतकात इतकी खपली, की नकला करणाऱ्यांनी नावात एक 'आर' वाढवून तोच शब्द रूढ केला. 14 एप्रिल 1865 ला लिंकनवर झाडलेलं पिस्तूल डेरिंजरचंच होतं. पण आजच्या छोट्या पिस्तुलाचा खरा पूर्वज जॉन ब्राउनिंगच्या हातून घडला. युटाचा हा कारागीर बेल्जियमच्या एफएन कारखान्यासाठी काम करत होता. त्याचं .32 काडतूस (हा आकडा ढोबळमानाने गोळीची इंचातली जाडी) 1899 च्या सुमारास आलं, मग .25 आणि 1908 मध्ये .380. त्याचं .25 चं पिस्तूल कोटाच्या आतल्या खिशात बसायचं.

यातल्या .32 शी आपलंही नातं आहे. भारतात सामान्य नागरिकाच्या परवान्यावर 9 मिमी मिळत नाही, तो 'प्रतिबंधित बोअर', म्हणजे नळीचं बंदी असलेलं माप आहे. म्हणून सरकारी आयुध कारखान्यांतलं 'अशनी' पिस्तूल ब्राउनिंगच्या त्याच .32 काडतुसावर चालतं. कानपूरहून 2014 मध्ये आलेलं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर स्त्रियांच्या पर्समध्ये मावेल असं म्हणून गाजलं. तेही .32 चंच, वजन अर्धा किलो, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. 'बजेट' हा शब्द आपल्याकडे या वस्तूला लागूच होत नाही, तो अमेरिकी बाजाराचा आहे.

अमेरिकेत स्वस्त पिस्तुलाची कथा 1968 ला वळण घेते. त्या जूनमध्ये रॉबर्ट केनेडींची हत्या एका स्वस्त .22 रिव्हॉल्व्हरने झाली. ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी बंदूक नियंत्रण कायद्यावर सही केली. 'सॅटर्डे नाइट स्पेशल' म्हणून हिणवल्या जाणाऱ्या परदेशी स्वस्त मालाची आयात रोखणं हा त्यामागचा एक हेतू. आयातीसाठी गुणपत्रिका ठरली: लांबी, उंची, वजन, काडतूस, सेफ्टी (चुकून गोळी सुटू नये म्हणूनची कळ) यांना गुण, आणि पिस्तुलाला पास व्हायला 75 हवेत. लांबी किमान 6 इंच, उंची 4 इंच. जर्मनीचं नावाजलेलं वाल्थर पीपीके उंचीत कमी पडलं. कंपनीने त्याची स्लाइड मोठ्या भावंडाच्या, म्हणजे पीपीच्या, उंच सांगाड्यावर बसवली आणि पीपीके/एस जन्माला आलं. ते मॉडेल निव्वळ त्या गुणपत्रिकेपायी अस्तित्वात आलं.

पण हे नियम फक्त आयातीला होते. देशात बनणाऱ्या पिस्तुलाला ना उंचीची अट, ना गुणांची. बाहेरचा स्वस्त माल थांबला, गिऱ्हाईक मात्र तसंच होतं. ती जागा दक्षिण कॅलिफोर्नियात यंत्रकामाचं वर्कशॉप चालवणाऱ्या जॉर्ज जेनिंग्ज यांनी हेरली. 1970 मध्ये त्यांच्या रेव्हन कंपनीचं .25 चं एमपी-25 आलं. पाठोपाठ त्यांच्याच नात्यागोत्यातल्या माणसांनी लॉस एंजेलिसच्या आसपास जेनिंग्ज, ब्रायको, डेव्हिस, लॉर्सिन अशा कंपन्या उभ्या केल्या. या टोळक्याला पुढे 'रिंग ऑफ फायर' नाव पडलं.

या पिस्तुलांचा स्वस्तपणा धातूतून यायचा. सांगाडा आणि स्लाइड जस्ताच्या मिश्रधातूच्या. हा धातू 400 अंशांच्या आतच वितळतो, साच्यात ओतला की झालं, पोलादासारखं कापत-घासत बसावं लागत नाही. पण तो मऊ. त्यातून या पिस्तुलांत नळी आणि स्लाइड यांना एकमेकांत अडकवणारी कडी नसते. गोळी सुटताना मागे येणारा जोर फक्त स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग पेलतात. .25 ला ते पुरतं. 9 मिमीला पुरवायचं तर स्लाइड जड करावी लागते. ओहायोचं हाय-पॉइंट 9 मिमी पिस्तूल म्हणूनच 800 ग्रॅमच्या वर जातं. ते टिकतं, पण दिवसभर कमरेला बाळगण्याजोगं नाही.

सेफ्टीच्या बाबतीत सर्वात बोलकं ते ब्रायकोचं प्रकरण. 1994 मध्ये कॅलिफोर्नियात एका कुटुंबाच्या ओळखीतला तरुण .380 चं ब्रायको पिस्तूल रिकामं करत होता. सेफ्टी लावलेली असली की स्लाइड मागे ओढता यायची नाही. म्हणजे चेंबरमधली, नळीच्या मागच्या टोकाला बसलेली, गोळी काढायची तर आधी सेफ्टी उघडायची, नेमक्या धोक्याच्या क्षणी. गोळी सुटली आणि सात वर्षांचा मुलगा कायमचा अपंग झाला. 2003 मध्ये ज्यूरीने कंपनी आणि तिच्या मालकावर सुमारे 2.4 कोटी डॉलरची जबाबदारी टाकली. कंपनीने दिवाळखोरी पत्करली. 2004 च्या लिलावात त्या मुलाच्या बाजूने वर्गणी काढून बोली लावली गेली, कारखाना विकत घेऊन साचे वितळवायचे म्हणून. बोली थोडक्यात हुकली. कारखाना कंपनीच्याच जुन्या फोरमनने 5 लाख 10 हजार डॉलरला घेतला आणि नव्या नावाने उत्पादन सुरू केलं. हे वाचून माझी रात्रभर झोप उडाली होती. आज कुणीही जाणकार नवं पिस्तूल हातात घेताच 'सेफ्टी लावून रिकामं करता येतं का' हे पाहतो, ते उगाच नव्हे.

कॅलिफोर्नियाने 1999 मध्ये 'असुरक्षित पिस्तूल' कायदा केला, तो 2001 पासून लागू झाला. प्रयोगशाळेत प्रत्येक मॉडेलची तीन पिस्तुलं तपासायची, प्रत्येकातून 600 गोळ्या झाडायच्या. पहिल्या 20 मध्ये एकही अडथळा चालणार नाही, एकूण सहापेक्षा जास्त नाहीत. शिवाय मीटरभर उंचीवरून वेगवेगळ्या बाजूंनी काँक्रीटवर पाडायचं, गोळी सुटता कामा नये. त्या कायद्यातल्या पुढच्या अटींवर वाद आहेत, पण या दोन चाचण्या मला मनापासून योग्य वाटतात. भावाच्या 200 गोळ्यांत दोन अडथळे म्हणजे 600 ला सहा. जेमतेम काठावर, आणि तेही फक्त सरासरीने.

काडतुसाचा प्रश्न 11 एप्रिल 1986 च्या मायामीतल्या चकमकीने ऐरणीवर आणला. दोन दरोडेखोरांशी लढताना एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच लागलेली 9 मिमी गोळी दंडातून छातीत शिरून हृदयाच्या अलीकडे थांबली, आणि तो लढत राहिला. त्यानंतर एफबीआयने जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी 12 ते 18 इंच शिरली पाहिजे असा दंडक घातला. छोट्या पिस्तुलात तो कडक ठरतो, कारण तीन इंची नळीत गोळीला वेग कमी मिळतो आणि पोकळ टोकाची गोळी आत शिरल्यावर उमलेलच, म्हणजे पसरेलच, याची खात्री नसते. म्हणून पिस्तूल आणि गोळी यांची परीक्षा जोडीने घ्यायची असते.

दरम्यान फ्लोरिडाने 1987 मध्ये अटी पुऱ्या करणाऱ्या प्रत्येकाला छुपं शस्त्र बाळगण्याचा परवाना द्यायचा कायदा केला आणि राज्यामागून राज्य त्याच वाटेने गेलं. मग 1994 चा संघीय कायदा आला: नव्या मॅगझिनमध्ये दहापेक्षा जास्त गोळ्या नकोत. त्याचा उद्देश काहीही असो, कारखानदारांनी वेगळाच हिशेब केला. दहाच गोळ्या द्यायच्या तर पिस्तूल मोठं कशाला? 1995 मध्ये ग्लॉक 26 आलं. त्याच वर्षी फ्लोरिडातल्या जॉर्ज केलग्रेन यांचं केल-टेक पी-11 आलं: 9 मिमी, दहा गोळ्या, प्लास्टिकची मूठ, वजन 400 ग्रॅमच्या आसपास. नळी खाली झुकून स्लाइडपासून सुटते ती ब्राउनिंगची जुनी युक्ती त्यात होती, त्यामुळे जड स्लाइडची गरज उरली नाही. स्वस्ताई आता मऊ धातूतून येत नव्हती. ओतीव प्लास्टिक आणि संगणकावर चालणारी यंत्रं यांतून येत होती, नळी आणि स्लाइड पोलादाचीच राहिली. माझ्या मते बजेट पिस्तुलाच्या इतिहासातला सर्वात मोठा बदल हाच.

बंदी 2004 मध्ये संपली, छोट्या पिस्तुलाची मागणी वाढतच गेली. 2008 मध्ये रुगरचं एलसीपी, 2012 मध्ये स्मिथ अँड वेसनचं शील्ड. 2018 मध्ये सिगच्या पी365 ने इंचभर जाडीत दहा गोळ्या बसवल्या. सहा-सात गोळ्यांची सडपातळ पिस्तुलं एका रात्रीत जुनी झाली आणि किमती उतरल्या. रुगरचं ईसी9एस, ब्राझीलच्या टॉरसचं जी2सी आणि जी3सी 300 डॉलरच्या आसपास मिळू लागली, सिगच्या जवळपास निम्म्यात. टॉरसने आता जिंदल समूहाशी भागीदारी करून हरियाणातल्या हिसारमध्येही कारखाना घातला आहे. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या 2022 च्या ब्रुएन निकालानंतर न्यू जर्सीसारख्या, मराठी वस्ती दाट असलेल्या राज्यातही परवाना मिळणं शक्य झालं, आणि पहिलंच पिस्तूल घेणारे बरेच जण याच किमतीत शोधू लागले.

पडल्यावर गोळी सुटण्याचा धोका मात्र स्वस्त मालापुरता नाही. एलसीपी पहिल्याच वर्षी परत बोलवावं लागलं. टॉरसने जुन्या नऊ मॉडेल्सच्या जवळपास दहा लाख पिस्तुलांबाबत अमेरिकी न्यायालयात तडजोड केली. सिगच्या महागड्या पी320 मध्येही 2017 मध्ये हाच दोष निघाला आणि चाप बदलून द्यावा लागला.

भावाने आठवड्याने वेगळ्या कंपनीच्या गोळ्या घेऊन तेच पिस्तूल पुन्हा चालवलं. 300 गोळ्या, एकही अडथळा नाही. करंगळीसाठी मॅगझिनला लांब तळ मिळाला. चार रकाने भरले. पाचवा, 'पडल्यावर'चा, रेंजवर भरता येत नाही. घेण्याआधी त्याने दुकानात पिस्तुलावरचा अनुक्रमांक उतरवून घेतला, रात्री जेवणानंतर परत बोलावलेल्या मालाच्या यादीशी आकडा आकड्याला लावून पाहिला आणि मग माझ्या वहीत त्या रकान्यात तारीख टाकली.